आधी चाप पाहा

हवेच्या दाबावर चालणाऱ्या खिळ्यांच्या बंदुकीला कारखान्यात आणि साइटवर सगळे नेलगन किंवा नुसते गन म्हणतात. तिच्याविषयी मराठीत स्वतंत्र पुस्तिका निघते आहे, हे काम खरे तर बरेच आधी व्हायला हवे होते. चाकण, तळेगाव, भोसरी या पट्ट्यात निर्यातीच्या मालासाठी पाइनवूडच्या पेट्या आणि पॅलेट बनवणाऱ्या शेडमध्ये या गनचा आवाज दिवसभर चालू असतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचे काम निघाले की सुताराच्या रंध्या-पटाशीबरोबर छोटा कंप्रेसर आणि पिना मारायची गनही येते. जर्मनीत बव्हेरियातल्या हेर्त्सोगेनआउराखसारख्या गावात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसालाही, कारागिराची मजुरी तिथे जड जाते म्हणून, मागच्या अंगणातला लाकडी डेक किंवा बागेतली खोपी स्वतः उभारायची झाली तर हीच गन हातात घ्यावी लागते. या सगळ्यांना आजवर मिळालेला सल्ला एकच आहे: जपून वापरा. हा सल्ला खोटा नाही, पण तो चुकीच्या माणसाला आणि उशिरा दिला जातो, असे माझे म्हणणे आहे. नेलगन किती सुरक्षित आहे हे बऱ्याच अंशी ती हातात येण्याआधी, विकत घेतानाच ठरून गेलेले असते, आणि ते ठरते तिच्या चापावरून. पुढच्या पानांतल्या सूचना वाचण्याआधी हा मुद्दा नीट समजून घेतला, तर त्या सूचनांचा क्रम असा का ठेवला आहे तेही कळेल.

त्यासाठी गनच्या पोटात काय चालते ते पाहावे लागेल. कंप्रेसरमधून साधारण ५ ते ८ बार, म्हणजे आपल्याकडच्या मीटरवर ७० ते १२० पीएसआय दाबाची हवा पाइपातून येऊन गनच्या मुठीत कोंडून राहते. चाप ओढला की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, त्यामुळे सिलिंडरच्या डोक्यावरचा मोठा व्हॉल्व्ह सरकतो आणि कोंडलेली हवा एकदम पिस्टनवर कोसळते. तारेने, कागदाने किंवा प्लास्टिकने एकमेकांना जोडलेल्या खिळ्यांपैकी सर्वात पुढचा खिळा पिस्टनची पोलादी पट्टी तोडून काढते आणि लाकडात घुसवते. त्यानंतर पिस्टन परत वर जातो, मॅगझिनमधली स्प्रिंग पुढचा खिळा जागेवर आणते आणि गन पुन्हा तयार होते. गन भलतीकडे उडू नये म्हणून तिच्या तोंडाशी एक सरकते नाक बसवलेले असते. ते कशावर तरी दाबले गेल्याशिवाय चाप ओढूनही खिळा सुटत नाही. म्हणजे खिळा सुटायला दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: नाक दाबलेले हवे आणि चाप ओढलेला हवा. यातली कोणती आधी आणि कोणती नंतर, हे बंधन गन बनवणाऱ्याने घातले आहे की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

एका प्रकारच्या गनमध्ये हे बंधन नसते. बोटाने चाप ओढून धरायचा आणि गन लाकडावर टेकवत जायचे. नाक टेकेल तिथे खिळा. याला संपर्क-चाप म्हणू. दुसऱ्या प्रकारात क्रम सक्तीचा असतो: आधी नाक टेकवायचे, मग चाप ओढायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा त्याच क्रमाने सुरुवात करायची. हा क्रमवार चाप. मधले एक-दोन प्रकारही आहेत, ज्यांत नाक तसेच टेकवलेले ठेवून फक्त चाप सोडून पुन्हा ओढता येतो. त्यांची चित्रे पुस्तिकेत आहेत. बाहेरून दोन्ही गन सारख्याच दिसतात. खिळा, दाब आणि लाकूड तेच असते. फरक चापाच्या आतल्या एका लहानशा पात्यात असतो, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. खरेदी करताना खिळ्याची लांबी, दाब आणि किंमत विचारली जाते. चाप कोणता, हे क्वचितच विचारले जाते.

संपर्क-चापाच्या गनमध्ये एक दोष अंगभूत आहे. खिळा सुटताना गन मागे उसळते, कारण पिस्टन पुढे जाताना तिला तेवढाच मागचा धक्का बसतो. हाताने ती पुन्हा खाली दाबली जाते. हे दाबणे आपोआप होते, त्यात हलगर्जीपणा काहीच नाही. उलट ज्याला खिळा नेमक्या जागी बसवायचा असतो, तोच गन अधिक जोर लावून धरतो. पण बोट अजून चापावर आहे आणि नाक पुन्हा टेकले आहे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, आणि नको असलेला दुसरा खिळा सुटला. तो पहिल्या खिळ्याच्या डोक्यावर आपटतो आणि तिरका होऊन कडेने बाहेर येतो, किंवा उसळीत गन सरकलेली असेल तर लाकूड धरलेल्या डाव्या हातात जातो. अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाने २००२ च्या सुमारास अशा गन तपासल्या तेव्हा हेच आढळले. दुसरा खिळा इतक्या लवकर सुटतो की वापरणाऱ्याला बोट काढायला वेळच मिळत नाही. धोका दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. उसळून पुन्हा टेकायला गनला तेवढाही वेळ लागत नाही. अशा ठिकाणी ‘लक्ष ठेवा’ म्हणण्याला अर्थ उरत नाही, कारण लक्ष गेले तरी हात वेळेवर हलणार नाही.

दुसरा अपघात याहून साधा आहे. चापावर बोट तसेच ठेवून माणूस गन घेऊन चालतो, शिडी उतरतो किंवा मागे वळतो, आणि नाक मांडीला, गुडघ्याला किंवा शेजारच्याच्या पाठीला लागते. संपर्क-चापाच्या गनला मांडी आणि फळी यांत फरक कळत नाही. क्रमवार चापाच्या गनमध्ये बोट चापावर असताना नाक कुठेही टेकले तरी खिळा सुटत नाही, कारण क्रम चुकलेला असतो. नाक आधी टेकून मग चाप ओढला गेला तर तीही इजा करेल, हे खरे. पण ती चूक घडायला दोन गोष्टी पाठोपाठ चुकाव्या लागतात.

आकडेवारीही याच दिशेला बोट दाखवते. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात नेलगनच्या जखमांसाठी दर वर्षी सरासरी ३७,००० रुग्ण रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येत होते, आणि त्यांतले सुमारे ४० टक्के कामगार नव्हते, घरची कामे करणारे लोक होते. सेंट लुईस भागातल्या सुतार संघटनेतल्या शिकाऊ सुतारांचा अभ्यास ड्यूक विद्यापीठाच्या हेस्टर लिप्सकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केला. संपर्क-चाप वापरताना इजेचा धोका क्रमवार चापाच्या दुप्पट, असे त्यातून निघाले. घरबांधणीतल्या शिकाऊ सुतारांपैकी दर पाचातल्या दोघांना चार वर्षांत गनने इजा झाली होती, आणि पुष्कळ जखमांची नोंदही झाली नव्हती. नोंद झालेल्या जखमांपैकी निम्म्याहून अधिक हाताच्या आणि बोटांच्या, आणि हाताच्या जखमांतल्या चौथ्या हिश्शात शिरा, सांधे, मज्जातंतू किंवा हाडे दुखावलेली. नायोश ही तिथली कामगार-आरोग्य संशोधन संस्था आणि ओशा हे कामगार सुरक्षा खाते यांनी २०११ मध्ये बांधकाम ठेकेदारांसाठी एक मार्गदर्शिका मिळून काढली. तिच्यातली पहिलीच शिफारस पूर्ण क्रमवार चापाची गन वापरण्याची आहे. प्रशिक्षण, कामाची पद्धत आणि चष्मा-हेल्मेट त्यानंतर येतात.

हा क्रम अमेरिकेने शोधून काढलेला नाही, आणि म्हणूनच हेर्त्सोगेनआउराखचे नाव मी सुरुवातीला घेतले. न्यूरेंबर्गच्या वायव्येला आउराख नदीकाठी वसलेले हे छोटे गाव जगाला बुटांसाठी माहीत आहे. डास्लर बंधूंनी इथे धावण्याचे खिळ्यांचे बूट बनवले, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ते जेसी ओवेन्सच्या पायांत होते, आणि भाऊ वेगळे झाल्यावर त्यांतून आदिदास आणि पुमा या कंपन्या उभ्या राहिल्या. पुण्याच्या माणसाला मात्र या गावाची ओळख बेअरिंगमुळे असते, कारण इथल्या शेफलर कंपनीचा कारखाना तळेगावला आहे. विल्हेल्म आणि गेओर्ग शेफलर या भावांनी १९४६ मध्ये इथे कारखाना सुरू केला तेव्हा त्यात हातगाड्यांसारख्या लाकडी वस्तू होत असत. १९४९ मध्ये गेओर्ग शेफलर यांनी सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगसाठी पिंजरा बनवला. त्याआधी हे रोलर एकमेकांना खेटून भरलेले असत. फिरताना ते तिरके होत, एकमेकांवर घासत आणि तापत. मेकॅनिकने कितीही वंगण घातले, कितीही जपून बसवले, तरी घर्षण उरायचेच. पिंजऱ्याने प्रत्येक रोलरला स्वतःचा कप्पा दिला, आणि तिरके होण्याची सोयच काढून घेतली. मेकॅनिकच्या हातात जे नव्हते ते रचनेने केले. क्रमवार चापाचे काम नेमके याच जातीचे आहे, आणि ज्या गावात ही गोष्ट कारखान्याच्या इतिहासाचा भाग आहे, तिथून शिकण्यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

जर्मन कायद्याने हीच दृष्टी कामगार सुरक्षेला लावली आहे. १९९६ च्या कामगार संरक्षण कायद्यात आणि २०१५ मध्ये नव्याने आलेल्या कार्यसाधनांच्या नियमावलीत उपायांचा क्रम लिहून दिला आहे: आधी यंत्रात आणि रचनेत बदल, मग कामाच्या आखणीत, आणि माणसाच्या अंगावरचे हातमोजे, चष्मे, हेल्मेट सर्वात शेवटी. कामगाराला सावध राहायला सांगून मालक मोकळा होत नाही. धोका यंत्रातूनच काढता येत होता का, हे त्याला आधी तपासावे लागते. याच नियमावलीत एक कलम असे आहे की कामगाराला द्यायची माहिती त्याला समजेल अशा स्वरूपात आणि भाषेत दिली पाहिजे. मराठी कामगारासाठी मराठीत लिहिणे हा मेहेरबानीचा प्रश्न राहत नाही, तो सुरक्षेचाच भाग होतो, असा याचा सरळ अर्थ मी घेतो.

युरोपातल्या गनसाठी आधी २००० सालचे इएन ७९२-१३ हे मानक होते, आता २०१७ चे आयएसओ १११४८-१३ आहे. गनसोबत येणाऱ्या सूचनांत या मानकांच्या आधारे संपर्क-चापाची गन कुठे वापरू नये याची यादी दिलेली असते. परांची, शिडी, जिना आणि छपराच्या पट्ट्यांसारख्या शिडीवजा जागेवरून दुसऱ्या जागी जाताना ती वापरायची नाही. वाहनात किंवा वाघिणीत माल बांधून पक्का करतानाही नाही. आणि पेट्या व क्रेट बंद करतानाही नाही. ही शेवटची नोंद चाकण-तळेगावच्या प्रत्येक पॅकिंग शेडच्या मालकाने दोनदा वाचावी. पेटीवर झाकण बसवताना फळी पातळ असते, कडा अरुंद असते, आणि झाकण सरकू नये म्हणून एक माणूस ते हाताने दाबून धरतो. कडेवर मारलेला खिळा थोडा तिरका गेला की पेटीच्या बाजूच्या फळीतून बाहेर येतो, आणि धरणाऱ्याची बोटे बहुधा तिथेच असतात. आपल्याकडे रोज सर्वात जास्त केले जाणारे काम या गनसाठी तिथे वर्ज्य मानले आहे. लाकूड तेच, खिळा तोच. आपली बोटेही तिथल्यापेक्षा काही कणखर नाहीत.

पहिला आक्षेप वेगाचा, आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही. नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाला प्रत्येक खिळ्यामागे चाप सोडून पुन्हा ओढायला सांगणे म्हणजे त्याच्या मजुरीत हात घालणे आहे. यावर एक चाचणी उपलब्ध आहे. अमेरिकेत १० अनुभवी सुतारांनी ८ बाय १० फुटांच्या दोन-दोन सारख्या खोप्या बांधल्या, एक संपर्क-चापाच्या गनने आणि एक क्रमवार चापाच्या. खिळे मारण्याच्या वेळात संपर्क-चाप सुमारे १० टक्के जलद ठरला; पण मोजमाप, कापणे, जुळवणे धरून एकूण कामात ती बचत १ टक्क्यापेक्षाही कमी भरली. गन कोणती यापेक्षा सुतार कोण, यानेच वेळात जास्त फरक पडला. बांधकामाला आणि फर्निचरला हे उत्तर पुरते. पॅलेटला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही, हे मी मान्य करतो. युरोपातल्या १२०० बाय ८०० मिलिमीटरच्या ठरावीक पॅलेटमध्ये ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. अशा कामात कापणे आधीच झालेले असते आणि खिळे मारणे हेच मुख्य काम उरते. तिथे १० टक्क्यांची तूट मजुराला खिशात जाणवेल. पण म्हणून संपर्क-चाप परवडतो असे होत नाही. फळ्या आणि ठोकळे जागच्या जागी धरून ठेवणारी लोखंडी चौकट, म्हणजे जिग, टेबलावर बसवली की दुसऱ्या हाताला फळी धरावीच लागत नाही. काम मोठे असेल तर खिळे मारण्याचे बसवलेले यंत्र घेता येते. आणि जिथे दोन्ही शक्य नाही, तिथे नगाचा दर थोडा वाढवावा, आणि तो खर्च पेटी विकत घेणाऱ्यानेही उचलायला हवा. आज ती १० टक्के बचत दर कमी ठेवून खरेदीदाराच्या पदरात पडते, आणि तिची किंमत गन धरणाऱ्याच्या हाताला मोजावी लागते. हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

वेगाच्या आक्षेपाला जोडून एक गंभीर मुद्दा येतो. दिवसभरात हजारो वेळा चाप ओढून तर्जनी आणि मनगट दुखावते, आणि संपर्क-चाप तो ताण वाचवतो. हे खरे आहे. त्यावर उपाय हलकी गन, वर टांगलेला भार तोलणारा बॅलन्सर आणि कामाची पाळीपाळीने अदलाबदल हा आहे. हळूहळू वाढणारे दुखणे ओळखायला आणि थांबायला वेळ मिळतो. सांध्यात घुसलेला खिळा तेवढी सवड देत नाही.

दुसरा आक्षेप कसबी माणसाकडून येतो: हात बसला की चूक होत नाही. शिकाऊ सुतारांना प्रशिक्षणाने फायदा झाला, हे त्याच सेंट लुईसच्या अभ्यासांत दिसले आहे, म्हणून ही पुस्तिका वाया नाही. पण कसब कुठवर पुरते ते पाहिले पाहिजे. खिळा कुठे मारायचा, लाकडातली गाठ कुठे आहे, कडेपासून किती अंतर ठेवायचे, हे कसबाने कळते. उसळलेली गन पुन्हा टेकण्याआधी बोट काढणे कसबाने जमत नाही, कारण तो माणसाच्या शरीराच्या वेगाचा प्रश्न आहे. शिवाय कसबी माणसाच्या शेजारी नवा पोऱ्या उभा असतो, आणि शेडमधली गन हातोहात फिरत असते. ती कोणाच्या हातात जाईल हे ठरलेले नसेल, तर ती सर्वात नवख्या हाताला पेलेल अशीच असायला हवी.

आपल्या फर्निचरवाल्यांचा आक्षेप वेगळा आहे. ते मोठे खिळे मारत नाहीत. प्लायवर मायका आणि बीडिंग पट्टी बसवताना १८ गेजच्या बारीक पिना मारतात. जीव जाण्याचा धोका इथे कमी आहे, हे बरोबर. पण पिन जितकी बारीक, तितकी ती लाकडाच्या रेषेबरोबर वळते. पट्टीच्या कडेला मारलेली पिन आतल्या आत वाकून बाजूने बाहेर पडते, आणि पट्टी दोन बोटांनी धरायची सवय असते. पेऱ्यात शिरलेली पिन वरून टोचल्याएवढी दिसते. सांध्याच्या आत जंतू गेले तर ते बोट वाकायचे थांबू शकते. सुताराचे चिमटीत धरणारे बोट गेले तर त्याचा धंदाच जातो. डोळ्यांचा धोकाही पिनेला कमी नाही, कारण गाठीवर किंवा आधीच्या स्क्रूवर आपटलेली पिन कुठेही उडते.

काही ठिकाणी नाक तारेने मागे बांधून ठेवतात, म्हणजे ते टेकवल्याशिवाय नुसता चाप ओढूनच खिळा सुटतो. या प्रकाराचा दोष पूर्णपणे कामगाराच्या माथी मारला जातो. तसे करणे घातक आहे, याबद्दल दुमत नाही. पण माणूस असे का करतो? नाकाची स्प्रिंग लाकडाच्या भुशाने आणि डिंकाने जाम झालेली असते, ते दाबायला जोर लागतो, साफ करायला वेळ दिलेला नसतो आणि नगांचा आकडा वाढवायचा असतो. रोज सकाळी नाक मोकळे सरकते का, एवढे पाहायला मालकाने पाच मिनिटे दिली तर तार बांधण्याचे निम्मे कारण संपते.

चाप योग्य असला म्हणजे सगळे झाले असेही नाही. उरलेल्या गोष्टी पुस्तिकेच्या मधल्या भागात सविस्तर आहेत. त्यांतल्या तीन मला इथेच सांगाव्याशा वाटतात, कारण त्या आपल्याकडे हमखास चुकतात. पहिली कपलरची. हवेचा पाइप गनपासून काढल्यावर गनमधली हवा लगेच सुटून गेली पाहिजे, म्हणून गनवर नेहमी उघडा निपल असावा आणि झडप असलेला सॉकेट पाइपाच्या टोकाला. घाईत उलटे बसवले तर पाइप काढूनही गनच्या पोटात एका खिळ्यापुरती हवा कोंडलेली राहते. अडकलेला खिळा काढायला माणूस नाकात बोट घालतो, तेव्हा गन त्याला मेलेली वाटत असते. दुसरी सिलिंडरची. फॅब्रिकेशनचे काम शेजारी चालू असते, कंप्रेसर बंद पडतो, आणि ऑक्सिजनचे सिलिंडर समोरच असते. ते गनला कधीही जोडू नये. गनच्या आतल्या तेलाशी शुद्ध ऑक्सिजनचा संबंध आला की स्फोट होऊ शकतो. गनला फक्त कंप्रेसरची हवा, आणि तीही गनवर लिहिलेल्या दाबाच्या आतच. तिसरी जखमेची. शरीरात घुसलेला खिळा जागेवर पक्कडीने उपटू नये. बऱ्याच खिळ्यांना काटे असतात, आणि आल्या वाटेने काढताना ते अधिक फाडतात. खिळे जोडणारी तार, कागद किंवा डिंक आत राहून जखम चिघळते. खिळा तसाच ठेवून रुग्णालयात जावे, एक्स-रे काढावा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, आणि खिळा जोडलेल्या पट्टीतला एक नमुना डॉक्टरला दाखवायला बरोबर न्यावा. हाताच्या अंतराचा नियम मात्र एका ओळीत संपतो: खिळा जिथे बसणार तिथून दुसरा हात किमान १२ इंच लांब.

खर्च कुणी सोसायचा, या प्रश्नाकडे जर्मनीने फार लवकर लक्ष दिले. बिस्मार्कच्या काळात, १८८४ मध्ये, अपघात विम्याचा कायदा झाला. मालकांनी वर्गणी भरायची आणि उद्योगवार संस्थांनी भरपाई व उपचार बघायचे, अशी ती व्यवस्था आजही चालू आहे. लाकूड आणि धातू या उद्योगांसाठी २०११ पासून एकच संस्था आहे, बांधकामासाठी वेगळी. भरपाई ज्यांना द्यावी लागते त्याच संस्था अपघात टाळण्याचे नियमही करतात आणि कारखान्यात जाऊन तपासतात, म्हणून गनचा चाप हा त्यांच्या पैशाचाही प्रश्न बनतो. आपल्याकडे नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला, कारखाना कायदा आणि राज्य विमा १९४८ मध्ये. पण ठेकेदाराच्या शब्दावर फ्लॅटमध्ये काम करणारा सुतार अशा कायद्यांच्या टप्प्यात सहजी येत नाही. त्याच्यासाठी योग्य गन हाच आज हाताशी असलेला विमा आहे, आणि ती मागण्याचा अधिकार काम देणाऱ्या घरमालकालाही आहे. हेर्त्सोगेनआउराखमध्ये घर बांधणाऱ्या किंवा मोठी दुरुस्ती काढणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मदतीला बोलावलेल्या मित्रांकडून नियमित बांधकाम करून घ्यायचे असेल, तर त्यांची नोंद बांधकामाच्या विमा संस्थेकडे करावी लागते, मोबदला दिला नसला तरीही. घराचा मालक आणि त्याचा जोडीदार मात्र या विम्यात आपोआप येत नाहीत. त्यांना तो स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

पुस्तिकेचे पहिले प्रकरण हातातली गन ओळखण्याच्या चाचणीचे आहे, आणि ते वाचून लगेच करून पाहण्यासारखे आहे. हवा तोडून मॅगझिन पूर्ण रिकामे करावे, आत एकही खिळा राहिलेला नाही हे डोळ्यांनी पाहावे, चष्मा लावावा, मग हवा जोडावी. चापाला बोट न लावता नाक लाकडाच्या ओंडक्यावर दाबावे. गन उडता कामा नये. नाक हवेत ठेवून चाप ओढावा. तरीही उडता कामा नये. या दोन्हीत ती उडाली तर गन बिघडलेली आहे, ती दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवावी. आता चाप ओढून तसाच धरावा आणि नाक ओंडक्यावर टेकवावे. गन उडाली तर तो पूर्ण क्रमवार चाप नव्हे. नाही उडाली, तर चाप सोडून नाक टेकवावे, चाप ओढावा, गन उडेल. मग नाक तसेच टेकवलेले ठेवून चाप सोडून पुन्हा ओढावा. आता ती उडाली नाही तरच चाप पूर्ण क्रमवार. मॅगझिन रिकामे असताना नाक अडवून ठेवणारी काही मॉडेल असतात, त्यांना ही चाचणी लागू पडत नाही. तिथे उत्पादकाची पुस्तिकाच पाहावी. चापाच्या रंगावरून ठरवू नये, कारण सगळ्या कंपन्यांनी पाळलेली अशी रंगाची एकच खूण नाही. संपर्क-चाप निघाला तर गन फेकून देण्याची गरज बहुधा पडत नाही. अनेक कंपन्या क्रमवार चापाचे किट सुटे विकतात, आणि ते बसवणे गनची सर्व्हिस करणाऱ्या मेकॅनिकचे नेहमीचे काम आहे. तोवर त्या गनवर ठळक अक्षरांत ‘संपर्क-चाप’ असे लिहून ठेवावे, आणि शिडीवर, परांचीवर व पेटीचे झाकण बसवायला ती कोणालाही देऊ नये.